डोळे मिचकावा, शर्मिष्ठाताई!

मुलुंड पूर्वेला गव्हाणपाड्यात जाऊन शर्मिष्ठा कर्णिक कुठे राहतात असं विचारलंत, तर पहिला माणूस म्हणेल, "कोण, त्या फोनवाल्या ताई?" आणि दुसरा तुम्हाला त्यांच्या दारापर्यंत नेऊन सोडेल. वर हेही सांगेल, की बेल वाजवू नका, फोन करा. बेल वाजवली तर दार त्यांचे धाकटे बंधू उघडतात. त्यांना सगळी सोसायटी भाऊ म्हणते, आणि भाऊंना चपला सापडून दार उघडेपर्यंत पोस्टमन पुढच्या इमारतीत पोचलेला असतो. फोन मात्र ताई बरोबर दुसऱ्या रिंगला उचलतात. पहिल्या रिंगला उचलला तर समोरचा दचकतो, आणि तिसरीपर्यंत थांबलं तर काय विचारायचं तेच तो विसरतो, असं त्यांचं मत आहे. ताईंची अशी बरीच मतं आहेत. ती ऐकून घेतल्याशिवाय आपलं काम होत नाही.

ताईंना दिसत नाही. चार वर्षांच्या असताना गोवर आला आणि जाताना दृष्टी घेऊन गेला. पापण्या तेव्हापासून अर्ध्या मिटलेल्या आहेत, त्या हलत नाहीत. त्यांच्या तरुणपणी अंध मुलीला काम म्हणजे खुर्च्या विणा, मेणबत्त्या करा, नाहीतर टेलिफोनच्या बोर्डावर बसा. खुर्ची विणण्यापेक्षा खुर्चीवर बसणं बरं, असं म्हणून त्यांनी तिसरी वाट धरली आणि अंधेरीला एका बँकेच्या विभागीय कार्यालयात चौतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली. कोणत्या साहेबांचा खोकला कोणता, कोणाच्या घरून फोन आला की साहेब जागेवर नसतात, हे सगळं त्यांना ठाऊक. रजिस्टरात लिहिता येत नाही म्हणून त्यांनी डोक्यातच रजिस्टर ठेवलं. कोणाचा फोन आला, किती वाजता, काय बोलणं झालं, कोणी काय कबूल केलं. चार महिन्यांनी विचारलंत तरी मिनिटासकट सांगत.

आणि बोर्डावरचा त्यांचा एक नियम होता. दुसऱ्याच्या तोंडचं खोटं आपण बोलायचं नाही. एका साहेबांनी एकदा फर्मावलं, "कोणीही आलं तरी सांगा, साहेब मीटिंगमध्ये आहेत." ताईंनी पुढच्या फोनवर नम्रपणे सांगितलं, "साहेब म्हणताहेत, की ते मीटिंगमध्ये आहेत." साहेबांनी पुन्हा तसलं काही सांगितलं नाही.

निवृत्त झाल्या तेव्हा भाऊंना वाटलं, आता ताई जरा गप्प बसेल. कसचं काय! स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारा मोबाइल ताईंनी हातात घेतला आणि दोन महिन्यांत त्याला असं पळवायला लागल्या, की फोन काय बोलतो ते त्यांच्याशिवाय कोणालाच कळेना. वरच्या मजल्यावरच्या मृणालिनीकाकूंना कितीतरी दिवस वाटत होतं, की ताई पहाटे कसलंसं स्तोत्र म्हणतात. त्या बिचाऱ्या खिडकीशी हात जोडून उभ्या राहायच्या. ते वीजबिल निघालं.

मग हळूहळू ताईंची चौकशी खिडकी सुरू झाली. म्हणजे पाटी वगैरे नाही. बोर्डावरच्या ओळखीचे, अंधशाळेतले, त्यांच्या ओळखीचे, असे पाऊणशे-शंभर अंध लोक. दहिसरपासून भांडुपपर्यंत कोणाचाही फोन अडला की ताईंना फोन. "ताई, गॅसचं ॲप बदललंय, बुकिंगचं बटणच सापडत नाही." मग ताई सांगणार, "वरून उजवीकडे बोट सरकव, चौथ्यांदा थांब, आता दोनदा टिचकी मार. काय म्हणतंय?" भांडुपला जयवंत म्हणून एक पेटीमास्तर आहेत, तेही दिसत नसलेले. त्यांनी नव्या फोनवर पहिल्यांदा स्वतःच्या हातानं मुलाला पैसे पाठवले तेव्हा ताईंच्या कानात ते लहान पोरासारखे ओरडले होते. ताईंनी त्यांना दटावलं आणि फोन ठेवल्यावर स्वतःच डोळे पुसले.

या सगळ्यांना ताईंचा एकच नंबर पाठ होता. कोणी वर्षातून एकदा फोन करी, कोणी तीन वर्षांनी. त्यातले निम्मे कोण आणि कुठले हे ताईंना धड माहीतही नव्हतं. त्यांच्या लेखी ताई म्हणजे ते दहा आकडे.

आणि एका मंगळवारी त्याच दहा आकड्यांवर कंपनीचा संदेश आला. आपल्या क्रमांकाची फेरपडताळणी करा. नाही केलीत, तर आधी तुमच्याकडून जाणारे फोन बंद होतील, महिनाअखेरीला येणारेही बंद होतील, आणि नंतर हा क्रमांक दुसऱ्या ग्राहकाला देण्यात येईल.

"नवा नंबर घे की," भाऊ पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "एवढं काय त्यात?"

"भाऊ, तुझी चष्म्याची डबी मी रोज नव्या जागी ठेवू?"

भाऊंनी पेपरचं पान उलटलं.

संध्याकाळी ताई कोपऱ्यावरच्या केयूरच्या दुकानात गेल्या. केयूर शहा कंपनीचा अधिकृत विक्रेता. सिम, रिचार्ज, मोबाइलची कव्हरं आणि अखंड बडबड. माणूस सरळ. दुकानात सहा-सात गिऱ्हाइकं असली तरी ताईंना आधी स्टूल देणारा.

"शर्मिष्ठाबेन, दोन मिनिटांचं काम. कॅमेऱ्यासमोर बसा, बस."

पडताळणीचं यंत्र गोड आवाजात म्हणालं, "चेहरा चौकटीत आणा." केयूरनं त्यांची हनुवटी किंचित उजवीकडे केली. यंत्र म्हणालं, "आता डोळे मिचकावा."

"मिचकावले, माझ्या परीनं," ताई म्हणाल्या.

"पडताळणी अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा."

तसं अकरा वेळा झालं. आठव्या खेपेला मागचा एक माणूस म्हणाला, की बोटानं पापणी वर करून बघा. नवव्याला कोणीतरी मान हलवायला सांगितलं. दहाव्याला ताई यंत्राला म्हणाल्या, "अरे बाबा, मला मिचकावता आले असते तर तुला इतक्यांदा कशाला सांगावं लागलं असतं?" त्यावर सगळं दुकान हसलं, ताईही हसल्या. पण आतून त्या घाबरल्या होत्या. बँकेच्या परीक्षेला बसल्या तेव्हाही इतक्या घाबरल्या नव्हत्या.

मग केयूर म्हणाला, "बेन, तुम्ही जरा पंख्याखाली बसा, मी आतून करून बघतो." मिनिटभरानं आतून आरोळी आली, "झाला! ओके झाला!"

ताईंना इतका आनंद झाला, की दुसऱ्या दिवशी कोथिंबीर वड्यांचा डबा त्यांनी स्वतः दुकानात नेऊन दिला. कसं जमलं, असं विचारल्यावर केयूर म्हणाला, "सेटिंग असते बेन." आणि घाईघाईनं एक वडी तोंडात टाकली. समोरच्यानं श्वास कुठे घेतला यावरून खरंखोटं ओळखणाऱ्या बाई, पण त्या दिवशी आनंदापुढे त्यांचे कानही गाफील राहिले.

आठव्या दिवशी फोन जाईना. ताईंनी भाऊंच्या मोबाइलवरून कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. रोशनी नावाची मुलगी होती. तिनं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, तिकडे कळफलक वाजला. मग हसू दाबल्याचा बारीकसा आवाज आला.

"मॅडम, तुमचा जुना फोटो आणि पडताळणीचा फोटो जुळत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मॅडम... नव्या फोटोत मिशी आहे."

ताईंनी दहा सेकंदांत सगळं ओळखलं आणि पुढच्या दहा मिनिटांत त्या केयूरच्या दुकानात होत्या. काठी काउंटरवर आपटून त्यांनी एवढंच विचारलं, "माझ्या नावावर कोण डोळे मिचकावून आलं रे?"

केयूरनं हातातलं मोबाइलचं कव्हर खाली ठेवलं. "बेन, तुमचा चेहरा बघवेना. अकरा वेळा! मला वाटला, यंत्राला कुठे कळतंय. मी मिचकावले, एका झटक्यात ओके."

"गाढवा! चौतीस वर्षांत मी एका साहेबासाठी खोटं बोलले नाही, आणि तू मला मिशी लावून मोकळा झालास?"

रागानं लाल झाल्या होत्या. पण घरी परत येताना निम्म्या वाटेत त्यांना हसू फुटलं. आणि पुढच्या निम्म्या वाटेत काळजी वाटायला लागली. खरं सांगावं तर केयूरचं दुकान जातं, कदाचित पोलीस केस होते. त्याच्या घरात म्हातारी आई, दोन मुली. खोटं सांगणं त्यांच्यानं होणार नाही. आणि काहीच सांगितलं नाही तर महिनाअखेरीला नंबर जाणार. मग कुठल्यातरी दिवशी कोणीतरी अडलेला माणूस पाठ केलेले ते दहा आकडे फिरवणार आणि पलीकडे भलताच कोणी "राँग नंबर" म्हणून फोन आपटणार. या विचारानं त्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

"सांग की सरळ, त्यानं केलं म्हणून," भाऊ म्हणाले. "तुझं काम होऊन जाईल."

"आणि त्याचं?"

"त्याचं त्यानं बघावं."

"तो माझं बघायला गेला म्हणून तर हे झालं ना, भाऊ!"

दुसऱ्या दिवसापासून ताईंनी तक्रारी सुरू केल्या. दूरसंचार नियामक प्राधिकरण आपल्यासारख्या एकेकट्याची तक्रार घेत नाही. पण त्याच्या नियमाप्रमाणे कंपनीला प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावा लागतो, आणि समाधान झालं नाही तर त्याच कंपनीत वर अपील करता येतं. हे ताईंना तोंडपाठ होतं, कारण निम्म्या उपनगरांची अपिलं त्यांनीच सांगून लिहवली होती. स्वतःसाठी कधी करावं लागेल असं मात्र वाटलं नव्हतं. त्यांनी नऊ वेळा फोन केले, नऊ क्रमांक घेतले. दर वेळी उत्तर एकच, "मॅडम, जवळच्या दुकानात जाऊन डोळे मिचकावा." मग त्यांनी अपील ठोकलं. कंपनीनं कळवलं, की सुनावणी व्हिडिओ कॉलवर होईल, कॅमेरा सुरू ठेवावा. ताईंनी कळवलं, की कॅमेऱ्याशी माझं सध्या पटत नाही, मी स्वतः येते.

महिना संपायला दोन दिवस असताना ताई रिक्षानं अंधेरीला निघाल्या. बरोबर केयूर. त्याला त्यांनी निघतानाच बजावलं होतं. "हे बघ, मला कोणी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. आणि तुझं नावही मी घेणार नाही. मधली जागा तुझी आहे. काय करायचं ते तू ठरव." जोगेश्वरी-विक्रोळी रस्ता संपेपर्यंत केयूर एक अक्षर बोलला नाही. त्याला गप्प बसलेला ताईंनी पहिल्यांदाच ऐकला.

मरोळच्या बाजूला कंपनीचं ऑफिस. आत इतकं गार, की ताईंनी पदर घट्ट ओढून घेतला. अपील ऐकणारे अधिकारी निहार देशमाने, आवाजावरून पस्तिशीचे, सभ्य. कळफलकावर ते दोनच बोटांनी टाइप करत होते, हेही ताईंनी नोंदवून ठेवलं.

"मॅडम, आमच्याकडे तुमची एकच तक्रार दिसतेय. आणि शेरा आहे, 'ग्राहकाने प्रतिसाद दिला नाही.'"

"लिहून घ्या," ताई म्हणाल्या. "पहिली, अकरा तारखेला सकाळी दहा वीसला. रोशनी नावाची मुलगी होती. आदल्या दिवशीचीच. फार गोड, पण सर्दी झाली होती तिला. दुसरी, त्याच दिवशी दुपारी तीन पाचला, प्रज्योत. यानं मला सहा मिनिटं थांबवलं आणि मग फोन कापला. तिसरी, बारा तारखेला..."

अशा त्या नऊही तक्रारी म्हणून गेल्या. वेळ, माणूस, बोललेला शब्द आणि प्रत्येकीचा बारा आकडी क्रमांक, दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून, बोर्डावर म्हणायच्या तसा. दोन बोटांचं टाइपिंग मध्येच थांबलं. "आणि तुमचं यंत्र दर वेळी सांगतं, हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे. तेव्हा काढा आणि ऐका."

निहारनं चार क्रमांक तपासून पाहिले. चारही बरोबर. तो खुर्चीत सरसावून बसल्याचं ताईंना ऐकू आलं. मग त्यानं घसा साफ केला आणि ज्याची भीती होती तेच विचारलं. "मॅडम, सॉरी, पण विचारावं लागेल. पडताळणीच्या फोटोतले हे गृहस्थ कोण?"

ताई बोलल्या नाहीत. ताईंनी मनात आकडे मोजायला सुरुवात केली. सातपर्यंत आल्या तेव्हा शेजारची खुर्ची करकरली.

"मी आहे, सर." केयूर उठून उभा राहिला होता. "केयूर शहा. तुमचाच विक्रेता. बेनला काही माहीत नव्हता. अकरा वेळा यंत्रानं त्यांना नापास केला, मला बघवला नाही. चूक झाली."

शाब्बास रे गाढवा, असं ताईंनी मनात म्हटलं आणि तोंड उघडलं.

"साहेब, याला काय शिक्षा करायची ती तुम्ही ठरवा. यानं चूक केली, मी त्याला फाडून खाल्लाय. पण एक सांगा. मी खरी शर्मिष्ठा कर्णिक, तुमच्या यंत्रानं मला अकरा वेळा नाकारलं. हा मिशीवाला बाप्या माझ्या नावावर उभा राहिला, त्याला पहिल्या फटक्यात मान्य केलं. मग फसवलं कोणी कोणाला? आणि डिजिटल सोयी सगळ्यांना वापरता आल्या पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय. ते तुमच्या यंत्राला कोण सांगणार?"

निहार हसला नाही. "मॅडम, खरं तर दुसरी सोय आहे. ज्यांना डोळे मिचकावता येत नाहीत त्यांच्यासाठी कागदपत्रं आणि प्रत्यक्ष भेट. ॲपमध्ये पर्याय आहे."

"कुठे?"

"हे काय, खाली कोपऱ्यात."

"माझ्या भावाचा फोन आणलाय मी. त्यात तुमचं ॲप आहे, आणि तो वाचून दाखवतो. दाखवा."

त्यानं ॲप उघडलं. ताईंनी फोनचा बोलण्याचा वेग मुद्दाम कमी केला, डोळस माणसाला समजावा म्हणून. बोट सरकत गेलं आणि फोन बोलत गेला. "रिचार्ज, बटण. ऑफर, बटण. लेबल नसलेले, बटण. लेबल नसलेले, बटण. लेबल नसलेले, बटण."

"यातलं कुठलं हो?"

निहारनं स्क्रीनवर वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तिसरं."

"मला तर ती जाहिरात वाटायची," केयूर पुटपुटला.

पुढचा तासभर जे झालं त्याला सुनावणी म्हणायचं तर म्हणा. ताईंनी त्या ॲपची पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चिरफाड केली आणि निहार लिहून घेत गेला. कुठल्या बटणाला नाव नाही, कुठे आकडे चित्रात घातलेत, कुठे वेळ इतका कमी की फोन वाचेपर्यंत पान मिटतं. मध्येच त्यानं कोणालातरी फोन करून म्हटलं, "अरे, तू वर येच. आणि वही घेऊन ये." ॲप बनवणारी सई नावाची मुलगी आली, तीही बसली, आणि ताईंनी तिला डोळे मिटून स्वतःच्याच ॲपमधून रिचार्ज करायला लावलं. तिला ते जमलं नाही. "होतं गं, शिकशील," ताई म्हणाल्या. केयूरला लेखी समज आणि आठवड्याच्या प्रशिक्षणावर सोडण्यात आलं. ते ऐकून तो इतका खूश झाला, की सगळ्यांना चहा सांगायला निघाला. तिथे चहाचं यंत्र आहे म्हणून त्याला बसवावं लागलं.

मग निहारनं कागदी अर्ज काढला. ओळखपत्र पाहिलं, पत्ता पाहिला. अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे सरकवला, तेव्हा ताईंनी तो तितक्याच शांतपणे मागे सरकवला आणि पेन मागितलं. त्यांची सही लांबलचक आणि झोकदार आहे, बँकेत सगळे सांगत.

"झालं मॅडम. तासाभरात नंबर सुरू होईल, तो तुमचाच राहील. फक्त हा एक रकाना." तो अडखळला. "यात लिहावं लागतं, ग्राहक जिवंत असल्याची खात्री कशी केली. ॲपमध्ये ते डोळ्यांवरून होतं."

"मग?"

पेन कागदावर कुरकुरलं आणि निहारनं मोठ्यानं वाचून दाखवलं, "ग्राहक स्वतः हजर होत्या. सव्वा तास बोलल्या. चालेल ना, मॅडम?"

ताईंनी मान कलती करून पुन्हा एकदा ते वाक्य मनात घोळवलं.

"'बोलल्या' काढा," त्या म्हणाल्या. "'झापलं' लिहा."

आणि निहार देशमाने यांनी तो शब्द खोडून तसंच लिहिलं, खाली स्वतःची सही केली आणि त्यावर कंपनीचा शिक्का मारला.